दोन्ही पडदे काळे कां पडले?

घरांतील एखादें यंत्र बिघडलें म्हणजे त्याबरोबर घरांतील चार माणसांचीं मनेंहि बिघडतात, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांस असेलच. यंत्र दुरुस्त करतां येतें, न झालें तर मोडीत घालून नवें आणतां येतें. परंतु बिघाडाच्या त्या घटकेस जे शब्द तोंडांतून निघून जातात ते मात्र परत घेतां येत नाहींत. गेल्या संक्रांतीच्या सुमारास आमच्या घरीं असा एक प्रसंग घडला. प्रसंग लहानसाच, पण त्यांतून यंत्राविषयीं जें शिकावयास मिळालें तें अनेक घरीं उपयोगी पडेल, आणि माणसांविषयीं जें शिकावयास मिळालें तेंहि झांकून ठेवण्यासारखें नाहीं, म्हणून तो येथें सांगत आहों.

इ. स. २०२० च्या मार्चमध्यें देशभर टाळेबंदी झाली आणि कित्येक कुटुंबांत कचेरीच घरीं राहावयास आली. पुढें साथ ओसरली, पण कचेरी पुरती परत गेली नाहीं. आमच्या थोरल्या बंधूंची सून एका व्यापारी कंपनीच्या हिशेबखात्यांत आहे. आठवड्यांतून तीन दिवस ती घरूनच काम करते. जी खोली पूर्वीं पाहुण्यांसाठीं राखलेली असे तींत आतां तिचें टेबल आहे, आणि त्यावर लॅपटॉपखेरीज दोन मोठे मॉनिटर आहेत. एका पडद्यावर खातेवही व दुसऱ्यावर पावत्या अशी मांडणी नसेल तर ताळा पाहणें किती कष्टाचें होतें, हें ज्यांनीं हिशेब तपासले आहेत त्यांस सांगावयास नको.

या सर्व मांडणीच्या मध्यभागीं पोथीएवढी एक काळी पेटी असते. तिला डॉकिंग स्टेशन असें नांव आहे. डॉक म्हणजे आपली गोदी. जहाज गोदीला लागलें कीं इंधन, पाणी, माल, माणसें हीं सर्व एकाच ठिकाणीं चढतात-उतरतात. त्याचप्रमाणें लॅपटॉप या पेटीला एका केबलीनें जोडला कीं वीज, पडद्यावरील चित्र, कीबोर्ड, माउस आणि इंटरनेट या सर्वांची सोय त्या एकाच तोंडांतून होते. कल्पना तशी जुनी आहे. १९९२ सालीं ॲपल कंपनीनें आपल्या पॉवरबुक ड्युओ या लहान संगणकासाठीं अशीच एक मोठी गोदी काढली होती. तींत तो संगणक खणासारखा सबंध आंत सरकवीत असत. आतां मात्र एक बोटभर रुंदीचें टोंक खुपसलें कीं काम होतें. आम्हीहि या लेखांत त्या पेटीला गोदीच म्हणूं.

त्या दिवशीं सकाळीं सूनबाई कामास बसली, तों दोन्ही मॉनिटर काळे! मधोमध क्षणभर 'सिग्नल नाहीं' अशा अर्थाची अक्षरें उमटत आणि पडदा पुनः अंधारे. डिसेंबरअखेरच्या तिमाहीचे हिशेब सायंकाळपर्यंत कचेरीस पोंचते करावयाचे होते. तिनें लॅपटॉप बंद करून चालू केला, दोन-चार टोंकें काढून घातलीं, पण कांहीं उपयोग झाला नाहीं. तेवढ्यांत आमचा पुतण्या, म्हणजे तिचा नवरा, खोलींत आला. हा स्थापत्यशास्त्राचा पदवीधर. पूल बांधण्याच्या कामावर असतो. त्यानें टेबलाकडे एक नजर टाकली आणि निकाल देऊन टाकला : "काल हळदीकुंकवासाठीं सगळी झाडलोट झाली. टेबल मावशींनींच पुसलें. वायरींची मांडणीसुद्धां बदललेली दिसते आहे. त्यांनींच ओढाओढ केली असणार!"

मावशी म्हणजे आमच्या घरीं अकरा वर्षें धुणेंभांडें करणाऱ्या बाई. त्या स्वयंपाकघराच्या दाराशींच उभ्या होत्या. "मी वायरींला हात नाही लावत, दादा, वरनंच फडकं फिरवते," एवढेंच त्या म्हणाल्या. त्याकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. दुसऱ्या कोणी म्हटलें कीं, आतां या यंत्रांच्या खोलीचें काम त्यांच्याकडे ठेवूं नये. आणखी कोणी त्याच्याहि पुढें गेलें. मावशींनीं त्या दिवशीं चहा घेतला नाहीं.

आम्हीं आयुष्याचीं बरींच वर्षें शाळेच्या प्रयोगशाळेंत घालविलीं असल्यामुळें, प्रयोग फसला म्हणजे प्रथम दोष कोणाचा हें न विचारतां काय चालतें आणि काय चालत नाहीं याचा कागद करावा, अशी आम्हांला खोड लागली आहे. म्हणून खुर्ची ओढून बसलों आणि सूनबाईला म्हटलें, "तूं पाहा आणि सांग, आम्ही लिहितों."

कागद असा झाला. लॅपटॉपला गोदीतून वीज मिळत होती. गोदीला जोडलेला कीबोर्ड व माउस चालत होते. इंटरनेटहि मिळत होतें, मात्र नेहमींपेक्षां मंद. दोन्ही मॉनिटरचे दिवे लागलेले होते. फक्त चित्र येत नव्हतें, आणि तें दोन्हींकडे एकाच वेळीं येत नव्हतें.

हें शेवटचें वाक्य लिहिलें त्याच क्षणीं निम्मा उलगडा झाला. गोदीपासून प्रत्येक मॉनिटरकडे निराळी केबल जाते. पुसतांना त्यांपैकीं एक सैल झाली असती तर एक पडदा काळा पडला असता, दुसरा चालू राहिला असता. दोन्ही केबली एकाच वेळीं आणि सारख्याच सैल होणें हें अगदीं अशक्य नाहीं, पण संभवनीयहि नाहीं. वाड्यांतल्या एका बिऱ्हाडाचा नळ बंद असेल तर तोटी पाहावी. सगळ्याच बिऱ्हाडांचे नळ बंद असतील तर तोट्या सोडून टाकीकडे जावें. दोघांचा मार्ग जेथें एक असतो तेथेंच दोघांचें दुखणें असावयाचें. म्हणजे दोष गोदीत, लॅपटॉपमध्यें, किंवा त्या दोहोंमधील एकाच केबलींत. मावशींचें फडकें जेथें फिरलें तेथें तो असण्याचें कारण फारच थोडें उरलें. आम्हीं हें मोठ्यानें बोलून दाखविलें. पण पुतण्याचें समाधान झालें नाहीं.

मग आम्हीं एका वेळीं एकच वस्तु बदलण्याचा क्रम धरला. हा नियम आमच्या वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि पडदा उजळला, तर कोणत्या गोष्टीनें उजळला हें कधींच कळत नाहीं, आणि तोच बिघाड महिन्यानें परत येतो. प्रथम मॉनिटरच्या कडेचें बटण दाबून तो कोणत्या वाटेनें चित्राची अपेक्षा करतो हें पाहिलें. मॉनिटरला एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट अशा दोन-तीन वाटा असतात. केबल एका वाटेला आणि मॉनिटर वाट पाहतो दुसऱ्या वाटेची, असें पुष्कळदां होतें. येथें तसें नव्हतें. नंतर एक मॉनिटर गोदीपासून सोडवून त्याच्याच केबलीनें सरळ लॅपटॉपच्या एचडीएमआय तोंडाला जोडला. लख्ख चित्र आलें! म्हणजे मॉनिटर निर्दोष, त्याची केबल निर्दोष, आणि लॅपटॉपची चित्र काढण्याची शक्तिहि शाबूत. तिसरी गोष्ट, गोदीला विश्रांति दिली. लॅपटॉप सोडवून गोदीची वीज भिंतींतून काढली आणि दोन मिनिटें थांबलों. गोदीच्या पोटांतहि एक लहानसा संगणकच असतो. तो अडखळला असेल तर वीज पुरती गेल्यावर नव्यानें शहाणा होतो. पुष्कळ घरीं एवढ्यानेंच काम होतें. आमच्या घरीं झालें नाहीं.

आतां उरलीं तीन : लॅपटॉपचें टाइप-सी तोंड, गोदी, आणि मधली केबल. कागदाकडे पुनः पाहतां या तिघांत संशयाचें बोट केबलीकडे वळत होतें. याचें कारण थोडें सविस्तर सांगितलें पाहिजे; कारण आजच्या बहुतेक घरांतील घोटाळ्याचें मूळ तेथेंच आहे.

यूएसबी टाइप-सी नांवाचें जें चपटें टोंक आज फोनपासून लॅपटॉपपर्यंत सर्वत्र दिसतें, त्याचा नमुना २०१४ च्या ऑगस्टमध्यें ठरला. उलटें-सुलटें कसेंहि घातलें तरी चालतें, हा त्याचा मोठा गुण. त्याच वर्षीं या टोंकांतून मॉनिटरचें चित्रहि नेण्याची सोय ठरविण्यात आली. टोंकाच्या आंत २४ स्पर्शबिंदु असतात. त्यांतील ८ विजेच्या येण्याजाण्यासाठीं. ४ जुन्या यूएसबी २.० पद्धतीच्या मंद निरोपांसाठीं. ८ जलद निरोपांच्या चार जोड्यांसाठीं. आणि उरलेले ४ आपसांतील बोलणीं ठरविण्यासाठीं व किरकोळ कामासाठीं. पडद्यावरील चित्र जातें तें त्या चार जलद जोड्यांतून. आतां गंमत अशी कीं, टोंक तेंच असलें तरी केबलीच्या पोटांत या सर्व तारा असतीलच असें नाहीं. फोनला वीज देण्यासाठीं मिळणाऱ्या अनेक केबलींत जलद जोड्या घातलेल्याच नसतात. फोन भारित करण्यास त्यांची गरज नाहीं, आणि त्या नसल्या म्हणजे केबल स्वस्त व बारीक होते. अशी केबल गोदीला लावली तर काय होईल? लॅपटॉपला वीज मिळेल. कीबोर्ड व माउस यांचे निरोप इतके थोडे असतात कीं ते जुन्या मंद तारांतून सहज जातील. इंटरनेट कसेंबसें चालेल. चित्र मात्र मुळींच जाणार नाहीं. आमच्या कागदावर हेंच लिहिलें होतें!

येथें आम्हीं सर्वांस बोलाविलें. 'ही केबल कोणी बदलली?' असें विचारावयाचें अगदीं ओठांवर आलें होतें. पण सकाळपासून 'कोणी' या शब्दानें घरांत काय केलें होतें तें आठवून तो गिळला, आणि विचारलें, "कालपासून या टेबलावर काय काय बदललें? कोणतीहि गोष्ट सांगा, मग ती किती का लहान असेना."

क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग पुतण्याच सावकाश म्हणाला, "काका, काल रात्रीं मीं गोदीची केबल काढून घेतली. कामावर नेण्याच्या पिशवींत घालायला ती आखूड होती, बरी पडत होती. तिच्या जागीं माझ्या फोनची लांब केबल लावून ठेवली. दोन्ही काळ्या, टोंकें अगदीं सारखीं. लांब असली म्हणजे हिचीहि सोय होईल असें वाटलें."

पिशवी उघडली, ती आखूड, जाड केबल निघाली. ती जोडतांच दहा सेकंदांत दोन्ही पडदे उजळले. सूनबाई एक शब्दहि न बोलतां कामास बसली. हिशेब सायंकाळीं वेळेवर गेले.

पुतण्यानें लपवाछपवी केली असें मात्र कोणी समजूं नये. आपण कांहीं बदललें आहे हेंच त्याच्या मनांत नव्हतें. सारख्या दोन वस्तूंची अदलाबदल त्याच्या लेखीं बदलच नव्हता. शिवाय सकाळीं जो प्रश्न विचारला गेला तो अपराध्याचा होता, आणि अशा प्रश्नाला प्रत्येक जण 'मी नव्हे' एवढेंच उत्तर शोधतो. काल काय घडलें हें कोणी आठवीत नाहीं. पूल बांधणाऱ्या त्या मुलाला आम्ही पुढें म्हटलें, "दोन पुलांचीं तोंडें सारखीं दिसलीं म्हणून त्यांवरून सारखाच भार न्यावा काय?" तो ओशाळून हंसला.

हा एक बिघाड झाला. परंतु दोन पडद्यांच्या मांडणींत आणखीहि कांहीं अडचणी वरचेवर येतात. त्या थोडक्यांत सांगतों.

पडदे उजळले, पण दोन्हींवर एकच चित्र दिसतें, किंवा मॉनिटर असून नसल्यासारखा राहतो, अशी तक्रार असेल तर ती बहुधा आज्ञेची असते, यंत्राची नव्हे. विंडोज पद्धतीच्या संगणकावर विंडोजची खूण असलेली कळ आणि 'पी' ही कळ एकत्र दाबली कीं चार पर्याय पुढें येतात. त्यांतील 'एक्स्टेंड' म्हणजे विस्ताराचा पर्याय निवडावा. झोंपेंतून उठविल्यावर पडदा काळाच राहत असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि 'बी' या चार कळा एकदम दाबाव्या. चित्र काढणारा भाग नव्यानें सुरू होतो आणि उघडें असलेलें काम बंद पडत नाहीं.

दुसरी अडचण केबलीच्या वाटेवरील गर्दीची. संगणकाची भाषा होय किंवा नाहीं अशा खुणांची असते. अशा एका खुणेस बिट म्हणतात. नेहमींच्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० मिळून २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगास २४ बिट, आणि चित्र सेकंदांत ६० वेळां नवें व्हावयाचें. म्हणजे सेकंदास सुमारें २९९ कोटि बिट झाले. ज्यास फोर-के म्हणतात त्या मॉनिटरवर ठिपके चौपट, तेव्हां बिटहि चौपट, म्हणजे सुमारें ११९४ कोटि. आतां अनेक साध्या गोद्या चार जलद जोड्यांपैकीं दोन चित्रासाठीं व दोन इतर कामांसाठीं ठेवतात. २०१० च्या डिस्प्लेपोर्ट १.२ या पद्धतीप्रमाणें त्या दोन जोड्यांतून सेकंदास ८६४ कोटि बिट जातात. म्हणजे नेहमींचे दोन मॉनिटर तीवर सुखानें चालतील. पण एकच फोर-के मॉनिटर ६० च्या गतीनें चालणार नाहीं. त्याची गति ३० वर येते आणि माउसचा बाण पडद्यावर अडखळत चालल्यासारखा दिसतो. लोक मॉनिटरला दोष देतात; दोष वाटेच्या रुंदीचा असतो. थंडरबोल्ट जातीच्या गोद्यांची वाट पुष्कळ रुंद असते, पण त्यास लॅपटॉपहि तसाच लागतो.

तिसरी अडचण लॅपटॉपच्या स्वतःच्या मर्यादेची. टाइप-सी तोंड आहे म्हणजे त्यांतून चित्र निघतेंच असें नाहीं. कांहीं लॅपटॉपांत तें तोंड केवळ विजेचें व साध्या निरोपांचें असतें. तोंडाशेजारीं डिस्प्लेपोर्टची किंवा विजेच्या बाणाची बारीक खूण आहे काय हें पाहावें, आणि यंत्राच्या माहितीपत्रकांतहि वाचावें. ॲपलच्या एम-१ जातीच्या मॅकबुकला, जे २०२० सालीं निघाले, बाहेरचा एकच मॉनिटर जोडतां येतो. साधी गोदी कितीहि महाग घेतली तरी दुसरा स्वतंत्रपणें चालत नाहीं. तेथें डिस्प्लेलिंक पद्धतीची गोदी व तिचें सॉफ्टवेअर लागतें, कारण ती चित्र निराळ्या रीतीनें, साध्या निरोपांसारखें बांधून पाठविते. यांपैकीं कोणत्याहि गोष्टीस दुरुस्ती हा उपाय नाहीं; खरेदीपूर्वीं विचारणें हाच उपाय आहे.

चौथी अडचण विजेची. गोदीसोबत आलेला अडॅप्टर बाजूस ठेवून फोनचा लावला तर गोदी जागी होते, पण तिच्यांत दम राहत नाहीं; मॉनिटर मधूनच मिटतात. ज्या वस्तूचा जो अडॅप्टर तोच तिला लावावा.

असो. पडदे उजळल्यावर पुतण्या स्वयंपाकघरांत गेला. तेथें तो काय बोलला तें आम्हीं ऐकलें नाहीं. ऐकूं नये म्हणूनच आम्ही बाहेर थांबलों. दुसऱ्या दिवशीं मावशींनीं चहा घेतला, पण उभ्यानें आणि मुकाट्यानें घेतला. पूर्वींसारख्या त्या बसून बोलूं लागल्या त्यास आणखी आठवडा लागला. केबल दहा सेकंदांत ओळखीची झाली होती.

वहिनींनीं देवघरांतील लाल नाडाछडीचा एक तुकडा आणून गोदीच्या केबलीच्या दोन्ही टोंकांशीं बांधून दिला आहे. आमच्या वाचकांनींहि असेंच करावें अशी आमची सूचना आहे. आणि पुढच्या वेळीं घरांतील एखादा पडदा काळा पडला तर प्रथम कागद घ्यावा, काय चालतें व काय चालत नाहीं तें लिहावें, कालपासून काय बदललें तें विचारावें. 'कोणी' हा शब्द शक्य तितका मागें ठेवावा. पुष्कळदां तो उच्चारण्याची वेळच येत नाहीं.